एनिसमधला शेवटचा पंखा

एनिस या आयरिश गावातल्या त्या हार्डवेअरवाल्याचं नाव मला माहीत नाही, करून घ्यायचंही नाही. कानामागे पेन्सिल, उन्हाने सोललेलं नाक, आणि गिऱ्हाईक बोलत असताना शर्टाची कॉलर धरून वारा घेत राहायची सवय.

पूर्वी इथे जुलैतही हीटर लागायचा. हल्ली उन्हाळ्यात घराची भट्टी होते, कारण घरं बांधलेलीच ऊब कोंडून ठेवायला. बायकोला आठवा महिना होता आणि वरच्या खोलीत तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. गावातला शेवटचा पंखा याच्याकडे होता.

मी सवयीने भाव पाडायला लागलो. "एकोणतीस डिग्रीला तुम्ही गरमी म्हणता? आमच्या जळगावात पंचेचाळीस असतं."

"पंचेचाळीस?" त्याने आदराने कॉलर सोडली. "मग तू ग्रँड आहेस, तुला कसली अडचण." आणि पंखा उचलून माझ्यामागच्या लालबुंद आजीबाईंना दिला.

"पूर्ण किंमत देतो. बायको गरोदर आहे माझी," मी ओरडलो.

"तीही तिकडचीच ना?"

गरज नाही असं दाखवूनच मी आयुष्यभर भाव पाडत आलो. माझ्यावर विश्वास ठेवणारा दुकानदार हा पहिलाच, आणि त्याला मी अजून माफ केलेलं नाही.