पाचव्या नंबरची काच

नवरा ‘भाजीत मीठ बरोबर आहे’ म्हणाला, तरी शकु वाघमारे स्वतः चाखून बघायची. असा संशयी स्वभाव अंधेरीच्या एमआयडीसीतल्या तिच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या मोलाचा. तिथं अंधारात बघायच्या दुर्बिणी तपासायला येत. काळ्या खोलीत अर्धा तास नुसतं बसायचं. डोळे सरावले की दुर्बिणीतून समोरच्या काचा वाचायच्या. प्रत्येक चौकोनी काचेवर तीन रेघा, उभ्या नाहीतर आडव्या. एक नंबरवर जाड, पुढं बारीक होत गेलेल्या. ज्या नंबरापर्यंत ओळखता येतील, तो दुर्बिणीचा आकडा.

एकोणीस वर्षं शकुचा शब्द शेवटचा होता. हल्ली मात्र वर्षापूर्वी कामाला लागलेली निलेश आणि तेजल सहा सांगत आणि शकु पाच.

“ताई, डोळे थकले तुमचे,” प्रयोगशाळेचे प्रमुख सुबोध सर म्हणाले. “उद्या पण फरक आला, तर पॅकिंगला बसा.”

पॅकिंगला! शकुला रात्रभर एकच दिसत होतं: ती दोघं डबा खाताना खिदळतात, आपण गेलो की गप्प. नक्की ठरवून सांगतात मेली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी काळ्या खोलीत शिरली आणि पाच आणि सहा नंबरच्या काचा पाव वळसा फिरवून ठेवल्या.

“पाच, उभ्या. सहा, आडव्या. झकास पीस आहे!” निलेश म्हणाला. तेजलनंही तेच वाचलं.

“सर, दिवा लावा,” शकु म्हणाली.

पाचवर रेघा आडव्या होत्या, सहावर उभ्या.

“वाट लागली,” निलेश पुटपुटला.

“पाठ केलंत होय रे?”

“आईशप्पथ, मुद्दाम नाही ताई! वर्षभर त्याच काचा, त्याच जागी. आपोआप तोंडात येतं.”

तेजल उसळली. “आणि तुम्हाला नाही येत? आता सर फिरवतील, तुम्ही वाचा ना!”

“वाचते की. घाबरते काय तुझ्या बापाला?”

पुन्हा अर्धा तास अंधार. चारपर्यंत स्वच्छ वाचलं तिनं. पाचवर नुसता राखाडी गाळ. तरी जिभेवर ‘उभ्या’ तयार होतं. दिसायच्या आधीच. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शकुला स्वतःच्या जिभेचा संशय आला.

“बोला ताई,” सर म्हणाले.

“दिसत नाही. चार लिहा. आणि माझे आधीचे पाच पण खोडा.”

“अहो, म्हणजे सगळा माल परत तपासायचा?”

“मग? जंगलातल्या रखवालदाराला ह्याच दुर्बिणीतून बिबट्या दिसायला हवा ना? मला पाठ आहे म्हणून त्याचं भागणार आहे?”

सरांनी वहीतले तिचे पाच खोडले. मग म्हणाले, “उद्यापासून रोज काचा तुम्ही बदलायच्या. वाचतील ही दोघं.”

शकुनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मान दिला, की गोड बोलून बाजूला बसवलं?

“बदलेन,” ती म्हणाली. “पण कशा लावल्या ते आधी लिहून कुलपात ठेवायचं. किल्ली माझ्याकडे नको. आणि सर, तुमच्याकडे तर नकोच, माल पास करायची घाई तुम्हालाच.”