ग्लासातला पिवळा भात

मी वाणसामान आणायला गेले की दोन तास लागतात. हडपसरच्या मोठ्या दुकानात मी पाकीट उचलते, उलटं करते आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचते. अमुक क्रमांकाचा रंग, तमुक क्रमांकाचं संरक्षक, आणि ‘निसर्गसदृश चव’. हा शब्द ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. नवरा ट्रॉली धरून उभा असतो. “किराणा घ्यायला आलोय की फ्लॅटची कागदपत्रं तपासायला?” असं तो दर महिन्याला विचारतो आणि मी दर महिन्याला ऐकलं न ऐकल्यासारखं करते.

हा संशय उगाच आलेला नाही. मुलगी पाच वर्षांची असताना शाळेच्या दारातला नारिंगी बर्फगोळा खाऊन तिच्या अंगभर पित्त उठलं. डॉक्टर म्हणाले, रंगाचं असू शकेल, नसूही शकेल. मी ‘असू शकेल’ एवढंच ऐकलं. त्यानंतर फार हिरवा मटार घरात येणं बंद झालं, मग फार पिवळा गूळ. मांजरीकडच्या एका गुऱ्हाळावर मी स्वतः जाऊन कढईशेजारची पांढरी पुडी कसली म्हणून विचारलं. तिथला माणूस म्हणाला, “ताई, ही टाकल्याबिगर रंग येत न्हाय, आन् रंग आल्याबिगर तुमी घेत न्हाय.” तेव्हापासून आम्ही काळा गूळ आणतो. तो कशाने काळा करतात, हा विचार आता मला छळतो.

आमच्या समोरच्या दारात भाभी राहतात. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या पुण्यातलं, आधी पेठेत होतं, आता इकडे. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मुलगी शाळेतून दीड वाजता येते आणि मी ऑफिसमधून साडेसहाला. मधले पाच तास ती भाभींकडे असते, आणि हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही, आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी “पोरगी कुलूप लावलेल्या दाराशी बसणार होय गं?” म्हणून तिला आत नेलं होतं. ती त्यांना चाची म्हणते, तिथे जेवते, गृहपाठ करते, भाभींच्या पलंगावर झोपते. आमच्या दोन घरांमध्ये एक स्टीलचा डबा फिरत असतो. त्यांच्याकडून शीरखुर्मा आला की माझ्याकडून चकल्या जातात, पुरणपोळी गेली की शेवया येतात. डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोन्ही घरांत न सांगता ठरलेलं.

मागच्या वर्षी ईदला डब्यात गोड भात आला. काजू, बेदाणे, लवंगा, आणि सगळा पिवळाधमक. मुलगी चमचा घेऊन धावत आली. “आई, यात केशर आहे, चाचींनी माझ्यासमोर दुधात भिजवलं,” असं तिने स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, थांब. मी काचेचा ग्लास घेतला, पाणी भरलं आणि त्यात चमचाभर भात सोडला. पाणी लगेच पिवळं झालं. मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत मी पाहिलं होतं की खरं केशर हळूहळू रंग सोडतं आणि खोटं लगेच. मला आनंद झाला, हे आज कबूल करते. पकडल्याचा आनंद होता तो.

मुलीला मी आईच्या साखरभाताचं उदाहरण दिलं. माझ्या लहानपणी शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सणाला साखरभात व्हायचा, त्याचा केशरी रंग अजून डोळ्यांसमोर आहे. “खरं केशर तसं दिसतं,” मी म्हटलं. भात मी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला.

आमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याची बादली सकाळी दाराबाहेर ठेवायची असते. मी ठेवली. वर एखादा कागद टाकावा एवढंही सुचलं नाही. समोरचं दार दोन पावलांवर आहे आणि भाभी त्याच वेळी दुधाच्या पिशव्या घ्यायला बाहेर येतात.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगी घरी आली. दप्तर न काढताच म्हणाली, “चाचींनी बादली बघितली. मला विचारलं, आवडला नाही का गं तुला? मी काय सांगू?”

मी आईला फोन केला, तिच्याकडून माझी बाजू खरी ठरवून घ्यायला. आईने सगळं ऐकलं.

“शिजलेल्या भाताचा रंग पाण्यात उतरणारच की. केशर आधीच विरघळलेलं असतं. एवढी शिकलीस कशाला?”

“पण तुझा साखरभात...”

“माझ्या साखरभातात बाटलीतला जिलबीचा रंग असायचा. वाण्याकडे मिळायचा. केशर आपल्याकडे देवाच्या नैवेद्यापुरतं, दोन काड्या. तुम्ही भावंडं पातेलं चाटून खायचात.”

मी फोन ठेवला. ज्या रंगाला खरं मानून मी दुसऱ्याच्या केशराला खोटं ठरवलं, तो रंगच बाटलीतला होता. लाज वाटली, आणि आईचा रागही आला. आणि खरं सांगायचं तर त्यातही मनात आलंच, की भाभींनी भिजवलं ते केशर तरी दुकानदाराने अस्सल दिलं असेल का. माझी ही खोड मेल्याशिवाय जायची नाही.

दोन दिवसांनी मी बेसनाचे लाडू केले, डबा भरला आणि समोरच्या दारावर गेले. मुलीच्या पित्ताचं, ग्लासाचं, सगळं सांगितलं. माफ करा, म्हटलं. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अहो, माफी कसली? मुलांच्या बाबतीत आपण जपायलाच हवं,” त्या म्हणाल्या. मला त्या इतकी वर्षं ‘अगं’ म्हणत होत्या. “उद्यापासून तिचा डबा आपणच देत जा. मी गरम करून वाढीन.”

मुलगी अजून त्यांच्याकडे जाते. तिचं जेवण मी सकाळी भरून देते, भाभी ते गरम करतात आणि तिच्यासमोर ठेवतात. त्यांच्या कढईतलं तिला काही देत नाहीत. ती मागते, तेव्हा म्हणतात, आईला विचार. लाडवांचा स्टीलचा डबा दुसऱ्याच दिवशी परत आला, घासून लख्ख केलेला. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

यंदाच्या ईदला सकाळीच बेल वाजली. भाभी दारात उभ्या होत्या, हातात दुकानातल्या मिठाईचा खोका, प्लास्टिकच्या वेष्टनात बंद. “ईद मुबारक. मागे सगळं लिहिलेलं आहे, वाचून घ्या,” असं म्हणून त्या हसल्या आणि गेल्या. हसण्यात खोट नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

मी खोका टेबलावर ठेवला आणि सवयीने उलटा केला. रंग होते, दोन क्रमांकांचे. मुलीने वेष्टन काढलं, एक तुकडा तोंडात घातला आणि मी तिला अडवलं नाही.

“आई, यात आता काय भरून द्यायचं चाचींना?” तिने विचारलं.

“पुठ्ठ्याचा खोका परत करत नाहीत, बाळा,” मी म्हटलं.