ब्रेक ड्रमांचं जलतरंग

ऋजुता दांडेकर मूळची साताऱ्याची. गेली चार वर्षं ती चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक ड्रम तपासते. हुकाला टांगलेल्या ड्रमवर हातोडीनं टकटक करायचं. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर कुठेतरी तडा.

लहानपणी ती वाट्यांत पाणी भरून जलतरंग वाजवायची, आणि लोकांच्या चालीच्या नकला करून मारही खायची. इथे दोन्ही खोड्या एकत्र आल्या. बसचा ड्रम खर्जात बोलतो, टेम्पोचा बारीक. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की फोर्कलिफ्टवाला सुब्बा सात ड्रम ओळीनं टांगायचा आणि समोरून जाईल त्याची चाल ऋजुता वाजवायची. कँटीनच्या सरोजिनीअम्मा तर मुद्दाम दोनदा डुलत जायच्या.

एके दिवशी मॅनेजर विजयकुमार आले. त्यांचे बूट पावलागणिक कुईं करायचे. ऋजुताला राहवेना. सर चालले, ड्रम वाजले. सर थांबले, ड्रम थांबले. त्यांनी वेग वाढवला तसे ड्रमही धावू लागले. सुब्बानं तोंडात रुमाल कोंबला.

सर गर्रकन वळले. "काय चाललंय?"

"तपासणी, सर."

"अस्सं? आण ती हातोडी." मैलापूरच्या संगीतसभांत दर डिसेंबरला ठाण मांडून बसणारा माणूस तो. चौथ्या ड्रमवर टकटक करून त्यांनी कान लावला. "हा मध्यम पेंगतोय का?"

"मला गोड वाटला, सर."

"गोड! यावर तुझाच पासचा शिक्का आहे."

त्यांनी तडे दाखवणारा तपासणीचा लाल रंग लावून पुसला. केसाएवढी रेघ उमटली.

ऋजुताचं तोंड एवढंसं झालं. दुपारभर तिनं आधी पास केलेले ड्रम पुन्हा वाजवले, एकेक करून. दुसरा सदोष सापडला नाही. संध्याकाळी ती आपणहून सरांकडे गेली.

"चूक माझीच. उद्यापासून वाजवणं बंद."

"बंद कशाला? फक्त गिऱ्हाइकाच्या मालावर गाणं वाजवू नकोस. स्टोअरमध्ये जुने नमुने पडलेत, ते घे. आणि तपासताना गोडबिड बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सर हजर, चेहरा गंभीर. ऋजुतानं हातोडी उचलली तोच ते पाच मात्रांत चालू लागले. दोन पावलं, थबक, पुढची दोन, मध्येच गिरकी. ती चुकली. पुन्हा चुकली. सरोजिनीअम्मा सांबाराचा डाव हातात तसाच धरून बघत राहिल्या.

तिसऱ्या फेरीला तिला जमलं, तर सर उलटे चालायला लागले.