काका जिवंत आहेत, वेबसाइट ऐकत नाही

मंगळवारी काकांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट करायचं होतं. मावशी आणि काका देवळाली कॅम्पहून रिक्षाने आले, मी इंदिरानगरहून स्कूटीवर... द्वारका सर्कलजवळच्या हॉस्पिटलमध्ये भेटलो.

काउंटरवरच्या मुलीने हेल्थ कार्डचा नंबर टाकला, पुन्हा एकदा टाकला. मग हळूच म्हणाली, "मॅडम, पेशंट मयत दाखवतंय." आणि पेशंट तिच्यासमोर काठी टेकून उभा!

त्याचं असं झालं... कार्डाचा फॉर्म मीच ऑनलाइन भरला होता. त्यात 'मृत्यूची तारीख (असल्यास)' असा रकाना. ऐच्छिक! काका आहेत, म्हणून मी तो रिकामा सोडला. आता सांगा, दुसरं काय करायचं असतं?

तर त्या दीडशहाण्या वेबसाइटने स्वतःच तारीख घातली... १ जानेवारी १९७०. तारीख नसली की सिस्टीम म्हणे हीच धरते. अहो, तेव्हा काका हाफ पँट घालून शाळेत जात होते!

बरं, खोडावी तर खोडताही येईना. पुसली की लाल अक्षरं, 'कृपया तारीख निवडा'. "आजची टाकून बघू का?" ती मुलगी बिचारी भाबडेपणाने म्हणाली... माझं डोकंच फिरलं.

कार्डवाल्यांना फोन लावला. हयातीचा दाखला अपलोड करा, आठवडाभरात दुरुस्त होईल, म्हणे. म्हणजे ऑपरेशन गेलं! दुखण्याने काकांच्या डोळ्याला डोळा नाही, किती दिवस या तारखेची वाट बघत होते. "जाऊ दे, चला घरी," म्हणून ते वळलेसुद्धा.

आणि मावशी उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव आम्ही कुणी ऐकलेलं नाही. कायम 'अहो', नाहीतर 'आमचे हे'. तिने माझ्या हातातला फोन ओढला आणि सगळा हॉल वळून बघेल अशी ओरडली, "दत्तात्रय जिवंत आहेत! माझ्यासमोर उभे आहेत. या आणि बघून जा!"

तासाभरात तारीख गायब. म्हणजे काढता येत होती की! मग आधी काय झालं होतं?

व्हीलचेअरवरून आत जाताना काका म्हणाले, "अजून एकदा घे की नाव." मावशी चक्क लाजली... "गप्प बसा हो," म्हणाली आणि डोळे पुसले.

ऑपरेशन छान झालं. पण वेबसाइट बनवणाऱ्यांनो, हात जोडून सांगते, रिकामा सोडलेला रकाना रिकामाच राहू द्या. आमच्या घरी त्या रिकाम्या जागेत काका राहतात.