गुळाचा खडा

पितांबरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला तो जळगावच्या एका डाळमिलमध्ये पहिलं पोतं पाठीवर घ्यायचा. पंचवीस वर्षं, रोज दीडशे पोती, एकही खाडा नाही. तुरीच्या भुशाची धूळ नाकातोंडात जायची, म्हणून काम सुटलं की सगळे हमाल गुळाचा खडा खायचे. गुळाने छाती साफ होते, अशी त्यांची पक्की समजूत. धाप लागू लागली तेव्हा पितांबरने खडा मोठा केला.

धुळीच्या आजारांचा अभ्यास करणारी डॉक्टर मेघा मिलमध्ये आली. तिने त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं.

"आबा, विडी ओढता?"

"कधीच नाही. आन् गूळ शे ना! माले काय व्हई?"

"गूळ पोटात जातो, आबा. धूळ छातीत जाते. तुमचा श्वास निम्माच उरलाय."

"फुंकायला जोर कमी पडला वाटतं, पितांबरभाऊ!" मुकादम हसला.

पितांबरने पुन्हा फुंकलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आकडा तोच आला.

तेव्हा त्याला बायको आठवली. बेबाबाई बारा वर्षं त्याच मिलमध्ये भुसा झाडत होती.

दुसऱ्या दिवशी पहिला खाडा करून तो तिला मेघाकडे तपासायला घेऊन गेला. तिची छाती अजून चांगली होती. ती मिलमध्ये परत गेली नाही. हमालीतून जे काही साठलं होतं, त्यातून मेहरूण तलावाजवळ, मोकळ्या हवेत, बेबाबाईची भाजीची गाडी उभी राहिली.