करंगळीपासून

उदगीरच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यातल्या गादीवर चाळीस वर्षं माझ्या सासूबाई बसल्या, बिलकीस अम्मी. बाईचा पंजा कितीही राठ असो, अंगठा आत दाबून, हाड चोळून अशी बांगडी चढवायच्या की बाईला कळायचंही नाही. मी भरायला बसले की मागून अम्मींची बोलणी सुरू, "हात हाय का वरवंटा?" मला त्या गादीचा लई हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

मग अम्मींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड सुधारलं, पाय सुधारला, पण पंजा मिटला तो मिटलाच. लातूरचे डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत बोटं उघडली तर उघडली, पुढं अवघड आहे.

चाकूरच्या सिंधुताईंच्या घरी तीन पिढ्या लग्नाचा चुडा आमच्याच घरचं माणूस भरतं. त्यांची लेक उज्वला लातूरला फिजिओथेरपी शिकते. तिचंही लग्न तीन महिन्यांवर आलेलं. ती दर रविवारी अम्मींचा हात घेऊन बसायला लागली. व्यायामाच्या चेंडूला अम्मी वैतागल्या, तेव्हा तिनं मोबाईलवर स्पेनमधला एक नाच दाखवला, फ्लामेंको. हॉस्टेलात बघून बघून ती स्वतः तो शिकली होती. त्या बाया मनगट फिरवत करंगळीपासून एकेक बोट उघडतात आणि करंगळीपासूनच मिटतात. उभ्या जन्मात लग्नात टाळी न वाजवलेल्या अम्मी ते डोळे फाडून बघत बसल्या.

झालं, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तेच. डाव्या हाताला चार दिवसांत जमलं. उजवी करंगळी महिन्यानं हलली, मग तिच्या शेजारचं बोट. पण मनगट फिरवायला लागल्या की अंगठा आपसूक तळव्यात जाऊन दडायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे आत दाबले, आता स्वतःचा बाहेर येईना. उज्वला परत परत सांगायची, चाची, अंगठा बाहेर ठेवा. अम्मी डाव्या हातानं तो ओढायच्या, चिडून, रडत. एकदा मला म्हणाल्या, "शबाना, हा हात गेला तर मी काय उरले गं?" मी एवढी तोंडाळ, पण त्यांचा अंगठा हातात घेऊन नुसती चोळत बसले.

चुड्याच्या दिवशी आम्ही चाकूरला गेलो. अम्मींनी कुणाचंच ऐकलं नाही, त्याच पुढं बसल्या. आपली उजवी मूठ डाव्या हातानं उघडून तिच्यात उज्वलाचं मनगट धरलं आणि डाव्या हातानं पहिली हिरवी बांगडी चढवली. चढली. पण आता मूठ सुटेना. उज्वला हळूच म्हणाली, "चाची, करंगळीपासून." करंगळी उघडली. शेजारचं बोट उघडलं. पुढं काही नाही. अम्मींच्या कपाळावर घाम आला. शेवटी उज्वलानंच उरलेली बोटं एकेक करून सोडवली.

अम्मी बाजूला सरकल्या आणि मला म्हणाल्या, "बस इथं." जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती जागा, आणि माझ्यानं बसवेना. तरी बसले. उरलेला चुडा भरला, एकही बांगडी पिचली नाही.

चुडा भरणारीच्या पाया पडायची रीत आहे. उज्वला उठली, माझ्यासमोरून पुढं गेली आणि अम्मींपुढं वाकली. अम्मींनी उजवा हात उचलला. दोन बोटं उघडी, बाकीची मिटलेली. तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.