खाली एकच बटण

बाबांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करायला मी मोरेकाकांच्या छापखान्यात गेले होते. काकांनी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला आणि तो सुरू केला. पडद्यावर आधी एक चौकट आली. सॉफ्टवेअरच्या या आवृत्तीची देखभाल थांबवली आहे, यापुढे कुठलीही दुरुस्ती मिळणार नाही. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. काकांनी ते न वाचताच दाबलं.

"रोज येतं हे?" मी विचारलं.

"रोज. पण आपली अक्षरं ह्याच्यातच आहेत. नव्या कॉम्प्युटरवर नेली की जोडाक्षरं फुटतात. म्हणून ह्याला नेट लावत नाही. बाहेरचं वारं नको."

दसऱ्याला वाहिलेला झेंडू मॉनिटरपाशी वाळून गेला होता.

अक्षरं अजून सुबक उमटत होती. बिघडलं काहीच नव्हतं. फक्त दूर कुठेतरी कुणीतरी ठरवलं होतं, की आता ह्याच्याकडे बघायचं नाही. यापुढे काही दुखलं-खुपलं तर ह्याचं ह्याने सोसायचं.

डॉक्टरही असंच सौम्यपणे म्हणाले होते, "आता घरी घेऊन जा. आवडेल ते खाऊ घाला." बाबा तेव्हा कॉटवर बसून पेपर वाचत होते. आम्ही भावंडांनी माना डोलावल्या. दुसरं उत्तर समोर ठेवलेलंच नव्हतं.

काकांनी पडदा माझ्याकडे वळवला. "नाव बघून घे गं, बरोबर आहे ना?"

बाबांच्या नावाआधी 'कै.' लागलं होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं.